विश्वामित्रीचा पूर आणि "क्लायमेट चेंज आहे, काय करणार?" – याला उत्तर काय द्यायचं?

समा_सावली विचारतात:

नमस्कार मंडळी. प्रश्न बडोद्याच्या समा भागातल्या सोसायटीचा आहे, पण कारेलीबाग, अकोटा, फतेहगंज, हरणी इथल्यांनाही तो लागू पडेल. प्लॉट साधारण एक हेक्टर, चार विंगा, ६४ फ्लॅट, त्यातले आठ तळमजल्यावर. बेसमेंट पार्किंग अंदाजे २,५०० चौरस मीटर. २०१९ आणि २०२४, दोन्ही पुरांच्या खुणा कंपाउंडच्या भिंतीवर आहेत.

येत्या सर्वसाधारण सभेत तीन ठराव आहेत: कंपाउंडची भिंत चार फूट वाढवून गेटला लोखंडी फळ्या बसवणं, दोन रिचार्ज बोअर (पावसाचं पाणी जमिनीत मुरवणारे) करणं आणि नगरसेवकांना निवेदन देणं. पहिल्या दोन ठरावांवर खर्चाची भांडणं चालू आहेत. तिसऱ्याला सगळे हसतात. "हवामानच बदललंय, सेवासदन (महापालिका) तरी काय करणार?" हे वाक्य सभासदही म्हणतात आणि अधिकारीही. एका दिवसात ५०० मिमी पडला तर जगातलं कुठलंच शहर टिकणार नाही, असंही ऐकवतात.

हे खरं आहे का? खरं असेल तर मागायचं काय? कृपया राजकीय पक्षांची उणीदुणी नकोत, आकडे आणि कामाची माहिती हवी.

---

पाणलोट:

अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्या खऱ्याचा आडोसा फार सोयीचा आहे.

आधी खरा भाग. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. अरबी समुद्र तापतोय आणि तिथलं बाष्प मध्य भारताच्या पट्ट्यात येऊन ओततं. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. हवामान खात्याच्या हिशेबात २४ तासांत २०४.५ मिमी किंवा जास्त म्हणजे 'अत्यंत मुसळधार'. बडोद्यात ३१ जुलै २०१९ ला जवळपास ५०० मिमी पडला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ज्या डिप्रेशनने गुजरात बुडवला, तेच पुढे अरबी समुद्रात जाऊन 'असना' चक्रीवादळ झालं. ऑगस्ट महिन्यात अरबी समुद्रात चक्रीवादळ व्हायची १९७६ नंतरची ती पहिलीच वेळ.

आता दुसरा अर्धा. भारतातल्या शहरांच्या जुन्या पावसाळी गटारांचं डिझाइन साधारण ताशी १२ ते २० मिमी पावसावर बेतलेलं असायचं. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० च्या शहरी पुराच्या मार्गदर्शिकेत हे स्पष्ट लिहिलंय. ताशी ४० मिमीची सर बडोद्यात कुठल्याही पावसाळ्यात येते, तिला क्लायमेट चेंज लागत नाही. म्हणजे ५०० मिमीला कुठलंच शहर टिकणार नाही हे मान्य करूनही, ४० मिमीला रस्ता का तुंबतो हा प्रश्न उरतोच. दोन्ही प्रश्न एकाच वाक्यात गुंडाळले की कोणालाच उत्तर द्यावं लागत नाही.

तुमच्याच प्लॉटचा हिशेब करा. सूत्र सोपं आहे: वाहणीचा गुणांक (पडलेल्या पावसातला न मुरता वाहून जाणारा हिस्सा) गुणिले ताशी पाऊस मिमीत गुणिले क्षेत्रफळ हेक्टरमध्ये, भागिले ३६०. उत्तर घनमीटर प्रति सेकंद. गच्च्या, पेव्हर ब्लॉक, डांबर मिळून गुणांक ०.८ धरा. ताशी ५० मिमीला ०.८ × ५० × १ ÷ ३६० = ०.१११, म्हणजे सेकंदाला १११ लिटर. तासाला ४०० घनमीटर, दहा हजार लिटरचे ४० टँकर. याच जागी पूर्वी शेत होतं तेव्हा गुणांक ०.२ ते ०.३ असेल. तो तिपटी-चौपटीने वाढला, तो हवामानामुळे नव्हे. बिल्डिंग परमिशन देताना ते पाणी कुठे जाणार हे कोणी विचारलं नाही म्हणून.

रिचार्ज बोअरबद्दल: चांगल्या जमिनीत एक बोअर सेकंदाला चार-पाच लिटर पाणी घेईल. १११ लिटरपुढे दोन बोअर म्हणजे दहा. भूजलासाठी जरूर करा, पूर अडेल म्हणून करू नका. आणि त्यात फक्त गच्चीचं पाणी सोडा. पार्किंगचं किंवा पुराचं पाणी गेलं तर ऑइल आणि मैला थेट भूजलात उतरतो, तो परत काढता येत नाही.

---

उतार_हजारात_एक:

भिंतीचा ठराव आधी थांबवा.

चार फूट, म्हणजे १.२ मीटर पाणी बाहेर उभं राहिलं की भिंतीच्या प्रत्येक धावत्या मीटरवर सुमारे ७०० किलोचा आडवा रेटा येतो. नऊ इंची विटांची कंपाउंड वॉल त्यासाठी बांधलेली नसते, पायाही दीड-दोन फुटांचा. ती हळूहळू झिरपत नाही, एकदम आडवी होते, आणि मागे कोणी उभं असेल तर संपलं. भिंत करायचीच तर आरसीसी, स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या डिझाइनने. पण तीही भिंत बिनकामाची ठरेल, कारण पाणी गेटमधून यायच्या आधी ड्रेनेजमधून येतं.

नदी चढली की वरसादी कांसचं, म्हणजे पावसाचं पाणी नदीत नेणाऱ्या नाल्याचं, तोंड पाण्याखाली जातं. मग भूखी कांस असो की रूपारेल, उलटी वाहायला लागते. तिला जोडलेल्या लाइन भरतात, चेंबरची झाकणं उचलली जातात, आणि तळमजल्याच्या बाथरूमच्या जाळीतून काळं पाणी वर येतं. बाहेर रस्ता अजून कोरडा असतानासुद्धा.

यावर इलाज म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. पण तो बसवताना बहुतेक ठिकाणी एकच चूक होते: सोसायटीच्या शेवटच्या चेंबरमध्ये, सगळ्या विंगांच्या मुख्य लाइनवर बसवतात. व्हॉल्व्ह बंद झाला की बाहेरचं पाणी आत येत नाही हे बरोबर, पण आतलंही बाहेर जात नाही. वरचे मजले फ्लश करत राहतात आणि त्यांचंच पाणी तळमजल्यावर फुटतं. म्हणून तळमजल्याची शाखा वेगळी करून फक्त तिच्यावर व्हॉल्व्ह घाला. त्यावर हात जाईल एवढं चेंबर ठेवा. मे महिन्यात उघडून फडकं मारा. फडक्यांचे तुकडे, सॅनिटरी पॅड, पूजेच्या लाल धाग्यांचा गुंता झडपेच्या बिजागरीत अडकलेला असतो, आणि बोटभर फट राहिली तरी व्हॉल्व्ह असून नसल्यासारखा.

वीज. मीटर रूम आणि पंपांचं पॅनल २०२४ च्या खुणेपेक्षा किमान ६०० मिमी वर न्या. मीटर हलवायला वीज कंपनीकडे, एमजीव्हीसीएलकडे, रीतसर अर्ज लागतो, तो पावसाळ्याआधी तीन-चार महिने करा. जनरेटर बेसमेंटमध्ये असेल तर तो जनरेटर नाही, भंगार आहे. पुराचा इशारा आला की लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन मेन बंद. पिटमध्ये पाणी आलेल्या लिफ्टला कोणी उत्साही सभासद 'चालतेय का बघू' म्हणून बटण दाबतो, मग दुरुस्तीचा आकडा बघून सभा बोलावतात.

बेसमेंटमध्ये दीड मीटर पाणी भरलं तर ३,७५० घनमीटर होतं. पाच अश्वशक्तीचा मड पंप पाच-सहा मीटर उंचीला सेकंदाला फार तर २५ लिटर फेकेल, म्हणजे एका पंपाला ४० तासांवर वेळ. दोन पंप ठेवा, तिसरा राखीव. पण बाहेरचं पाणी उतरल्याशिवाय उपसायला घाई करू नका. भोवतीची माती पाण्याने फुगलेली असते, आतला भार काढून घेतला की फरशी वर उचलली जाते आणि रिटेनिंग वॉलला भेगा पडतात. बाहेर पाणी उतरल्यावरही रोज थोडं थोडं, एक-तृतीयांश असं उपसा.

जमिनीखालच्या टाकीत पुराचं पाणी गेलंय असं समजूनच चाला. उपसा, घासा, पुन्हा भरा. पिण्याच्या पाण्यासाठी हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर, एक तास थांबून क्लोरीन तपासा, ०.५ मिलिग्रॅम प्रति लिटर उरलं पाहिजे. गेल्या वर्षीची उघडी पिशवी चालत नाही, तिच्यातला क्लोरीन उडालेला असतो.

---

रावपुऱ्याचा_ओटा:

वरच्या दोघांचं तांत्रिक उत्तम. पण मूळ प्रश्न होता, कोणी काही करत का नाही. त्याचं उत्तर मला हवामानात दिसत नाही, कॅलेंडरात दिसतं. २०२४ ला ऑगस्टअखेर पाणी उतरलं, ७ सप्टेंबरला गणपती बसले, ३ ऑक्टोबरला नवरात्र. गरब्याच्या पासांची रांग लागली तोवर पूर हा फक्त भिंतीवरचा पट्टा होता. दोष कोणाला द्यायचा नाहीये, शहर सावरतं ते असंच. पण बजेटचा आराखडा थंडीत ठरतो आणि तेव्हा पुराबद्दल बोलायला एकही अर्ज पोचलेला नसतो.

दुसरं, पैसा कुठे दिसतो ते बघा. पूर आल्यानंतर वाटलेलं किट, कॅश डोल (रोख मदत), बोटी, हे सगळं फोटोत येतं. जमिनीखाली सहा फुटांवर टाकलेल्या १,२०० मिमीच्या पाइपचा फोटो कोण काढणार? आणि ती लाइन चांगली चालली तर काहीच घडत नाही, मग मत कशावर मागायचं?

तिसरं, मालक कोण? शहराच्या वरच्या अंगाचं आजवा सरोवर सेवासदनाचं, नदी-कालव्यांची कामं सिंचन खात्याची, नदीची जमीन महसूलची, हद्दीबाहेरची परवानगी वुडाची (बडोदे नगरविकास प्राधिकरण). चारही ठिकाणी जा, 'हे आमच्याकडे येत नाही' हे चार वेगळ्या अक्षरांत लिहून मिळेल. गुजरातने २००९ मध्येच क्लायमेट चेंजचं स्वतंत्र खातं काढलं, देशात पहिलं. खातं आहे, धोरण आहे, पण समाच्या चेंबरशी त्याचा संबंध जोडणारा कागद नाही. तो कागद तयार करायचा दबाव कोण आणणार?

---

कोतरवासी:

रावपुरासाहेब, एक जोडतो. विश्वामित्री पावागढच्या डोंगरातून निघते, शहराच्या वर सूर्या नदी तिला मिळते, आणि शहरात ती सरळ न वाहता कोतरांतून (काठच्या घळींतून) वळसे घेत जाते. ही कोतरं म्हणजे फुकटची साठवण. नदी चढली की पाणी आधी त्यांत पसरायचं. गेल्या तीस-चाळीस वर्षांत तीच कोतरं डेब्रिसने भरून सपाट केली आणि त्यावर प्लॉट पडले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मे २०२१ मध्ये नदीकाठाची आखणी करा, कोतरं राखा, अतिक्रमण हटवा असा आदेश दिला. आदेशानंतर तीन वर्षांनी २०२४ चा पूर आला, नदीची पातळी जिथे मोजतात त्या काळा घोडा पुलाजवळ २६ फूट धोक्याची पातळी असताना ३५ फुटांच्या वर.

२०२५ च्या पावसाळ्याआधी पात्र खोल-रुंद करायचं मोठं काम झालं. त्याचा उपयोग नाही असं मी म्हणणार नाही. पण उभ्या कापलेल्या मातीच्या काठाला झाडं-गवत नसेल तर पहिल्या दोन जोरदार सरींत काठ पात्रात बसतो. काढलेला गाळ कांसच्या कडेलाच ढीग करून ठेवला तर तोही परत आत. खोदाई किती घनमीटर झाली यापेक्षा गाळ टाकला कुठे, हे विचारा. मगरींची अंडी मार्च-एप्रिलमध्ये याच काठांत असतात, तेव्हा यंत्रं चालवायची वेळसुद्धा ठरवून घ्यावी लागते.

---

निझामपुरा_नेट:

सगळे पाइप आणि भिंतींबद्दलच बोलताय. उत्सर्जन कमी झालं नाही तर तुमचा २०२४ चा पट्टा पण जुना होईल. २०२४ हे औद्योगिकपूर्व काळाच्या तुलनेत दीड अंश ओलांडणारं पहिलं कॅलेंडर वर्ष ठरलं. पॅरिस करारात जी मर्यादा पाळायचा प्रयत्न करू म्हटलं होतं, तीच. सोसायटीने गच्चीवर सोलर टाकावं. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे, एक किलोवॅट वर्षाला १,४०० युनिटच्या आसपास देतं, म्हणजे कोळशाच्या हिशेबात साधारण एक टन कार्बन डायऑक्साइड वाचतो.

---

पाणलोट:

सोलर जरूर. पण सभेत ते पुराच्या ठरावात मिसळू नका, दोन्ही पडतील. तुमच्या गच्चीवरच्या, समजा, ३० किलोवॅटने विश्वामित्रीची पातळी एक मिलिमीटरही हलणार नाही, तो लांबचा आणि सगळ्या जगाचा हिशेब आहे. आज हवेत आहे तेवढ्या कार्बनवरच पुढच्या वीस-तीस वर्षांचा पाऊस बराचसा ठरलाय.

सभेत 'शंभर वर्षांतून एकदा' हा शब्द कोणीतरी वापरेलच. त्याचा अर्थ दरवर्षी १ टक्का शक्यता, एवढाच. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात असा पूर निदान एकदा यायची शक्यता २६ टक्के. तोच पूर बदलत्या पावसामुळे 'पंचवीस वर्षांतून एकदा'चा झाला तर शक्यता ७१ टक्के. क्लायमेट चेंज म्हणजे अधिकाऱ्याच्या टेबलावरचा हा आकडा बदलणं. म्हणून 'क्लायमेट चेंज आहे' म्हटलं की पुढचा प्रश्न हाच: मग तुम्ही डिझाइनचा आकडा कितीवरून किती केला?

---

समा_सावली:

खूप आभार. भिंतीचा ठराव मागे घ्यायला लावते. आता सांगा, निवेदनाऐवजी नेमकं काय लिहायचं? आणि काळ्या घोड्याची पातळी ऐकून आमच्या गेटशी पाणी कधी येईल हे आधी कळू शकतं का?

---

माहिती_अर्ज:

निवेदनात 'योग्य ती कार्यवाही' मागितली की योग्य ती पोच मिळते. त्याऐवजी माहिती अधिकारात कागद मागा. गुजरातमध्ये फी २० रुपये, उत्तर ३० दिवसांत, कारण सांगायची गरज नाही. 'पूर का आला' असं विचारू नका, तो खुलासा झाला, आणि खुलासा द्यायला ते बांधील नाहीत. अस्तित्वात असलेली नोंद मागा: आपल्या वॉर्डातल्या वरसादी लाइनचा नकाशा इन्व्हर्ट लेव्हलसह (पाइपच्या तळाच्या पातळीसह), डिझाइन करताना धरलेला ताशी पाऊस, कांस सफाईच्या कामाच्या मेजरमेंट बुकची (झालेल्या कामाच्या मोजणी-वहीची) नक्कल आणि गाळ टाकल्याच्या जागेची नोंद, २४ ते ३० ऑगस्ट २०२४ मधलं आजव्यातून सोडलेल्या पाण्याचं तासागणिक लॉगबुक, आणि काळ्या घोड्याच्या पातळीच्या त्याच दिवसांच्या नोंदी. प्रत्येक विषयाला वेगळा अर्ज, नाहीतर एका खात्याकडून दुसरीकडे फिरत बसतो. उत्तर नाही आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील.

दुसरी जागा म्हणजे टीपी स्कीम, नगररचना योजना. गुजरातच्या १९७६ च्या नगररचना कायद्यानुसार मसुदा प्रसिद्ध झाल्यावर एक महिन्यात हरकत घेता येते. कांस वळवली, अरुंद केली, झाकून वर रस्ता केला, हे सगळं याच नकाशात आधी दिसतं, आणि त्या महिन्यात बहुतेक फक्त प्लॉटवाले फिरकतात.

तिसरी, २०२५ ची आपत्ती व्यवस्थापन कायद्याची दुरुस्ती. महापालिका असलेल्या शहरांसाठी शहरी प्राधिकरण नेमायची तरतूद तिच्यात आहे, अध्यक्ष म्युनिसिपल कमिशनर. रावपुरासाहेबांनी सांगितलेला 'मालक कोण' हा घोळ निदान कागदावर तरी सुटतो. आपल्याकडे ते स्थापन झालं असल्यास बैठकीचं इतिवृत्त मागा, नसल्यास कधी होणार ते लेखी मागा. लागल्यास सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च २०२४ च्या निकालाचा उल्लेख करा, हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क कलम १४ आणि २१ मध्ये येतो असं त्यात म्हटलंय. पण एका ओळीत. पानभर कायदा लिहिला की फाइल लीगलला जाते आणि तिथेच मुरते.

---

उतार_हजारात_एक:

गेटचं सांगतो. कोणत्याही सर्व्हेअरला बोलावून अर्ध्या दिवसात चार ठिकाणांची लेव्हल घ्या: गेट, बेसमेंटच्या रॅम्पचा माथा, सर्वांत खालचं चेंबर, आणि २०१९ व २०२४ च्या खुणा. मग पाणी त्या खुणांना टेकलं तेव्हा काळा घोडा किती होता हे माहिती अर्जाच्या नोंदींतून जुळवा. सर्वोच्च पातळीची वेळ बहुतेकांच्या फोनमधल्या फोटोंवर असतेच. दोन पूर म्हणजे दोन बिंदू, रेघ ओढता येते. काळ्या घोड्याचे फूट आणि तुमच्या गेटचे फूट सारखे धरू नका, नदीला उतार आहे आणि मध्ये पूल आहेत.

त्यावरून आकडा काढा, समजा २७ फुटांना चेंबर उलटं येतं आणि ३० ला रॅम्प. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे वेगळे येतील. ते वॉचमनच्या केबिनमध्ये ऑइल पेंटने लिहा: अमुक फुटांना गाड्या बाहेर, अमुकला लिफ्ट वर, अमुकला मेन बंद. शहरात ऊन असलं तरी हालोल-वाघोडियाकडे आणि आजव्याच्या वर किती पडला ते बघत राहा, ते पाणी काही तासांनी खाली येतं. पाणी लागलेली गाडी चालू करून बघू नका, इंजिनात पाणी ओढलं गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साधी विमा पॉलिसी तो खर्च सहसा देत नाही. इंजिन प्रोटेक्ट ॲड-ऑन मे महिन्याआधीच घ्यावा.

---

समा_सावली:

सर्व्हेअरला किती खर्च येईल अंदाजे? आणि तळमजल्याची शाखा वेगळी करायला फरशी फोडावी लागेल का?

---

उतार_हजारात_एक:

दर दोन-तीन ठिकाणी विचारा, पण खुणा पुसायच्या आधी बोलवा. दिवाळीच्या रंगकामात पट्टा गेला की बिंदूही गेला. शाखेचं म्हणाल तर तळमजल्याच्या पाइप बेसमेंटच्या छताला टांगलेल्या असतील तर फोडाफोड नाही, खालूनच कापून नवी लाइन शेवटच्या चेंबरपर्यंत नेता येते, ११० मिमी, उतार शंभरात एक. जमिनीत पुरलेल्या असतील तर बाहेरच्या बाजूने खोदावं लागेल, आणि तेव्हा आधी गॅसची लाइन कुठे आहे ते बघून घ्या.